पाल्याचे निमित्त

शिनासच्या खाडीलगतच्या वस्तीत रय्या बिन्त हमदान पहाटेच्या नमाजानंतर घरातून निघे आणि ऊन तापायच्या आत तिवराच्या पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन परत येई. लग्न होऊन ती या वस्तीत आली त्या वर्षापासून हा क्रम चालू होता. गल्लीतल्या लोकांना ती रोज दिसे, पण तिच्याकडे कोणी पाहत नसे. ओझे वाहणाऱ्या बाईकडे कोणी निरखून पाहत नाही. ओझे हीच तिची ओळख असते आणि तीच तिची परवानगीही. रय्याने हे कधी शब्दांत मांडले नव्हते. तिने ते फक्त वापरले होते.

दोन शेळ्यांपुरता पाला तोडायला फार वेळ लागत नाही. तिवराची झाडे खाडीच्या अलीकडच्या टोकालाच गर्दी करून उभी आहेत, आणि पानांवर मिठाचा खर धरलेला असल्यामुळे शेळ्या कुठलाही पाला आवडीने खातात. रय्या मात्र तिथे थांबत नसे. जिथे वाळू संपून चिखल सुरू होतो त्या अरुंद पट्टीवरून ती काठाकाठाने खाडीच्या मुखापर्यंत जाई, आणि पाला तोडी तो परतताना, घाईघाईने. मधला सगळा वेळ ती पाहण्यात घालवी.

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर निवटे येत. मासे असून पायांनी चालल्यासारखे सरकत आणि एकमेकांवर पाठीचा पंख उभारून भांडत. एकच मोठी नांगी वर-खाली हलवणारे खेकडे आपापल्या बिळाच्या तोंडाशी उभे असत. तिची सावली पडली की सगळे एका क्षणात नाहीसे होत, आणि ती स्थिर उभी राहिली की एकेक करून परत येत. किती वेळ उभे राहायचे हे तिला पायांनीच कळे. करडा बगळा आणि पांढरा बगळा ही एकाच जातीची नर-मादी असू शकतात, हे तिने एका घरट्यावर पाहून जाणले होते. भरतीबरोबर हिरवी कासवे तिवरांच्या मुळांपर्यंत चरायला येत आणि श्वासासाठी डोके वर काढून पुन्हा बुडत. आणि खंड्या. पांढऱ्या गळ्याची, निळ्या पाठीची ती एक जोडी होती. जुन्या, आतून पोखरलेल्या एका तिवराच्या ढोलीत ती दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्ले काढी. त्यांना उडायला शिकवण्याचे दिवस आले की रय्याचा पाला कमी भरे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने उत्साहाने सासूला सांगितले होते, "आज मी खाडीत कासव पाहिलं. एवढं मोठं!"

सासूने पीठ मळता मळता विचारले, "मग धरलं का नाहीस?"

त्यानंतर तिने घरात काही सांगितले नाही. न धरता नुसते पाहिलेले कासव ही त्या घरात सांगण्याजोगी गोष्ट नव्हती. नवऱ्याला, मरहूनला, थोडे काही उमगले असावे. तो मासेमारी करी, आणि समुद्रावरून परतताना खाडीच्या मुखाशी उभी असलेली बायको त्याला कधीतरी दिसली असणार. एकदा तो म्हणाला, "शेळ्या दोन, आणि पाला आणायला वेळ उंटांच्या कळपाचा! काय गं, खातात तरी केव्हा या?"

"तू झोपलास की खातात," ती म्हणाली.

तो हसला. त्याने पुन्हा विचारले नाही, आणि शेळ्या विकायची गोष्ट निघाली की तो विषय बदलत असे. एवढे तिला पुरेसे होते.

हिवाळा सरता सरता मरहून किनाऱ्यावर जाळे ओढताना छातीला हात लावून खाली बसला आणि उठला नाही. रय्या इद्दतीला बसली. नवरा गेलेल्या बाईने चार महिने आणि वर काही दिवस घराबाहेर पडायचे नाही, सुगंध लावायचा नाही, मेंदी काढायची नाही आणि परपुरुषासमोर यायचे नाही. याला नुसती कैद म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या आठवड्यांत भिंतींनी तिला खरोखरच आधार दिला. बायका येत, कावा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, उकळत, तिच्याजवळ बसत आणि बोलायचा आग्रह करीत नसत. जे दुःख बाहेर नेता येत नाही त्याला बसायला जागा लागते, आणि रूढीने ती जागा राखून ठेवली होती. पण दुःख बसले तरी पाय बसले नाहीत. एका पहाटे नमाजाची चटई गुंडाळताना ती सवयीने दारापर्यंत गेली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने हात काढून घेतला.

घराचा सगळा भार आता मरहूनच्या धाकट्या भावावर, खलफानवर आला. तो शेजारीच राहत होता. लष्कराच्या कोठारातून निवृत्त झालेला, टापटिपीचा, शब्दाला जागणारा माणूस. रय्याचा मुलगा मुहन्ना मस्कतला बंदरावर नोकरीला होता आणि गुरुवारी संध्याकाळी येई. त्याची बायको बद्रिया रय्याजवळ राहत होती आणि सासूला 'अम्मती' म्हणे. खलफान वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. तो रोज सकाळी दाराच्या पडद्याबाहेर उभा राही, खाकरे आणि विचारी, "उम्म मुहन्ना, काही हवं-नको?" मुलाच्या नावाने हाक मारायची तिथली रीत होती: तो तिला उम्म मुहन्ना, मुहन्नाची आई, म्हणे आणि ती त्याला बू सैफ, सैफचा बाप.

"शेळ्यांना पाला हवाय, बू सैफ," एक दिवस तिने आतून सांगितले. "मी स्वतःच जाऊन आणीन म्हणते. दिवसाउजेडी. चालेल का?"

खलफान विचारात पडला. त्याने मशिदीत जाऊन मुतव्वांना, म्हणजे मुलांना कुराण शिकवणाऱ्या वृद्ध गुरुजींना, विचारले. परत येऊन त्याने शब्दशः निरोप सांगितला. "मुतव्वा म्हणतात, गरज असेल तर दिवसा बाहेर जायला हरकत नाही. गरज असेल तर."

"आहे ना गरज."

"होती," खलफान पडद्यापलीकडून समाधानाने म्हणाला. "बाजारातून सुका चारा आणलाय. पोतीच्या पोती. तुला चिखलात जायची वेळ मी येऊ देईन होय?"

पुढच्या दिवसांत त्याने एकेक गरज शोधून काढली आणि मिटवली. सरपणाऐवजी गॅसची टाकी आली. मासे ताजे, साफ करून येऊ लागले. अंगणातल्या नळाला जोर नव्हता. तो दुरुस्त झाला. शेवटी शेळ्या गेल्या. सुक्या चाऱ्यावर त्या वाळायला लागल्या म्हणून त्याने त्या डोंगराकडच्या एका नातेवाइकाकडे पाठवल्या आणि दूध रोज दारात पोहोचेल अशी व्यवस्था केली. गुरुवारी मुहन्ना आला, त्याने हे ऐकले आणि काकाच्या खांद्यावर डोके टेकले.

"आई," तो आत येऊन म्हणाला, "जन्मभर भारे वाहिलेस. आता बस झालं. आता तुला कशाची म्हणून गरज नाही!"

हे वाक्य तो प्रेमाने बोलला होता. रय्याने त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्या रात्री तिला कळले की तिच्याभोवतीची भिंत इद्दतीची नाही. इद्दत संपणार होती. ही भिंत संपायची नव्हती. बाईचे बाहेर जाणे जिथे केवळ कामाच्या निमित्ताने चालवून घेतले जाते, तिथे तिचे काम हलके करणारा प्रत्येक भला माणूस तिच्या वाटेवर एकेक वीट ठेवत जातो, आणि त्याला दोषही देता येत नाही. शिवाय पहिली वीट तिने स्वतःच ठेवली होती. इतकी वर्षे ती सगळ्यांना, अगदी स्वतःलाही, पाल्याला जाते असे सांगत आली होती. लोकांनी तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा अपराध.

अंगणातून तिला आकाशाचा एक चौकोन दिसे. बगळे कोणत्या बाजूला चाललेत यावरून ती पाणी चढतेय की उतरतेय ते ओळखी. वारा समुद्राकडून असला की चिखलाचा उग्र वास भिंतीवरून आत येई आणि बद्रिया नाक दाबून खिडक्या लावी. पहाटे खंड्याची कर्कश, तुटक हाक ऐकू येई. ती वारंवार येऊ लागली तेव्हा जोडी ढोलीशी आली असणार हे रय्याने ताडले. पुढे ती हाक दिवसभर चालू राहिली. म्हणजे पिल्ले झाली. एका उधाणाच्या संध्याकाळी सांडपाण्याच्या नळातून एक खेकडा अंगणात आला आणि भिंतीच्या कडेकडेने धावत सुटला.

बद्रियाने किंचाळून चप्पल उचलली. "अम्मती, मारू?"

"मारू नको. दार उघड, जाईल तो आपला आपण."

"कुठे जाईल?"

"त्याला माहीत आहे."

बद्रियाने दार उघडले. खेकडा उंबऱ्याशी अडला, मग बाहेर गेला. बद्रियाने दार लावून घेतले. रय्या जागची उठली नाही.

इद्दत संपली तो दिवस वस्तीतल्या बायकांनी साजरा केला. त्यांनी तिला समुद्रावर नेले, न्हाऊ घातले, नवा झगा दिला, हातांवर मेंदी काढली आणि ऊदाचा धूर दिला. रस्ताभर बोलणे, हसणे, मुलांचा कलकलाट. खाडीच्या मुखावरून जाताना रय्याने मान वळवली, पण एवढ्या आवाजात तिथे एकही जीव थांबणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या पहाटे ती उठली आणि डोक्यावरून शाल घेऊन दाराशी आली.

"कुठे, अम्मती?" बद्रियाने झोपाळू आवाजात विचारले.

"खाडीवर."

"कशाला?"

प्रश्नात संशय नव्हता, म्हणूनच तो अवघड होता. रय्या म्हणाली, "तिसऱ्या-शिंपले मिळतात का बघते."

"बू सैफनं कालच एवढे मासे पाठवलेत. ठेवायला जागा नाही घरात."

"मग थोडं सरपण..."

"अम्मती!" बद्रिया हसायला लागली. "गॅसवर सरपण घालणार?"

रय्या आत आली आणि चटईवर बसली. पुढचे काही दिवस ती निमित्ते शोधत राहिली, आणि एकेक निमित्त बद्रियाच्या हसण्यापुढे गळून पडत गेले. शेवटी एका सकाळी पडद्याबाहेर खाकरण्याचा आवाज आला तेव्हा तिने ते सांगून टाकले.

"बू सैफ, मला खाडीवर जायचंय. आणायचं काही नाही. बघायला जायचंय."

खलफान पडद्याजवळ सरकला. "काय बघायला?"

"तिथले जीव. पक्षी, कासवं. मी रोज बघायची."

"रोज?" खलफान म्हणाला. मग त्याच्यातला व्यवस्थापक जागा झाला. "एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं! शुक्रवारी गाडीनं नेतो. बद्रियालाही घेऊ."

शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर, भर उन्हात, खलफानने गाडी खाडीच्या काठावर नेऊन उभी केली. काचा बंद होत्या, गार वारा चालू होता. मागे बद्रिया आणि रय्या. पाणी पूर्ण भरलेले, सगळे जीव सावलीला गेलेले. लांबवर चार बगळे डोळे मिटून एका पायावर उभे होते.

"ते बघ!" खलफान उत्साहाने म्हणाला आणि ते नीट दिसावेत म्हणून त्याने भोंगा वाजवला. बगळे उडाले. "उडाले बघ! दिसले ना?"

"दिसले," रय्या म्हणाली.

"छान आहे की जागा. दर शुक्रवारी आणत जाईन. तू फक्त सांगायचं."

त्याच्या आवाजात इतकी निर्मळ खुशी होती की रय्याला रडू आले, आणि मरहूनच्या आठवणीने येत असेल असे समजून बद्रियाने तिचा हात धरला.

दुसऱ्या पहाटे रय्या कोणालाही न उठवता बाहेर पडली. हातात विळा नव्हता, दोरी नव्हती. या गल्लीतून मोकळ्या हातांनी ती पहिल्यांदाच एकटी चालत होती, आणि हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना. पुढे घ्यावेत तर भीक मागितल्यासारखे वाटे, मागे घ्यावेत तर पुरुषासारखे. वळणावर नमाज आटोपून येणारे पुरुष समोर आले. त्यांत खलफान होता. म्हातारा हुमैद थबकला. त्याला खरोखरच काळजी वाटली होती.

"उम्म मुहन्ना, खैर आहे ना? कोणी आजारी-बिजारी?"

रय्याने तोंड उघडले. पण तिच्या आधी खलफान बोलला.

"तीच. साखर निघालीय तिला. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलंय."

"अरेरे," हुमैद म्हणाला. "अल्लाह बरं करो. चाल बाई, चाल. खाडीपर्यंत जात जा, तिकडे हवा चांगली आहे."

पुरुष बाजूला झाले. रय्याला उभ्या आयुष्यात इतकी रुंद वाट कोणी दिली नव्हती. खोटे मोडायला एक वाक्य पुरेसे होते; ते ओठांवर होते. तिने ते गिळले आणि त्या वाटेने गेली.

खाडीवर ओहोटी होती. निवटे होते, खेकडे होते. ढोलीच्या तोंडाशी विष्ठेचे पांढरे ओघळ वाळलेले होते आणि आत शांतता होती. या वर्षीची पिल्ले उडून गेली होती. ती बराच वेळ तिथे उभी राहिली.

घरी आल्यावर पडद्याबाहेर खलफान वाट पाहत होता.

"मला साखर नाही, बू सैफ."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय सांगायचं होतं? खेकडे बघायला जाते म्हणून?" त्याचा आवाज खाली आला. "लोक म्हणतील, भाऊ गेला आणि खलफाननं त्याच्या बायकोला वेड लागेस्तोवर कोंडलं. आजाऱ्याला कोणी काही विचारत नाही. तुला चालायचंय ना? चाल. मी वाट करून दिली."

त्याने खरोखरच वाट करून दिली होती. आता ती रोज जाई आणि कोणी काही विचारत नसे. पण आजार हे पाल्यासारखे ओझे नव्हते. घरी येऊन ते उतरवता येत नव्हते. बायकांनी मेथी भिजवून पाठवली. कोणी कडू पाल्याचा काढा दिला, आणि तो तिच्यासमोर बसून पाजला. सकाळच्या काव्याला बायका जमल्या की खजुराचे ताट तिच्यापर्यंत येई आणि हलकेच पुढे सरके. हलव्याच्या वाडग्यावर तिच्यादेखत झाकण ठेवले जाई. हे सगळे इतक्या मायेने होई की तिला विरोध करता येईना.

मग एका सकाळी शेजारच्या सलामाच्या अंगणात ताट असेच पुढे सरकले, तेव्हा रय्याने हात लांब करून एक खजूर उचलला.

"मला साखर नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कधीच नव्हती. मी खाडीवर जाते ती बघायला. खंड्या आहे तिथे, कासवं येतात. मला ते बघायला आवडतं. पाल्याला जायची तेव्हाही त्यासाठीच जायची."

मग सलामा उठली, तिच्याजवळ बसली आणि तिने खजूर रय्याच्या बोटांतून अलगद काढून घेतला.

"माझी बहीण अस्संच म्हणायची," ती म्हणाली. "'मला काही झालेलं नाही, काही झालेलं नाही.' लाजायचं काय त्यात? आजार कोणाला चुकलाय?"

"सलामा, मी खरं सांगतेय."

"हो गं हो." सलामाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भिंतीवरून पलीकडे हाक दिली, "बद्रिया! सासूला एकटी सोडत जाऊ नकोस बाई. साखर चढली की माणूस काहीबाही बोलतं. चिखलात चक्कर येऊन पडली तर?"

तेव्हापासून बद्रिया बरोबर येऊ लागली. झोप पुरी न झालेली, प्लास्टिकच्या चपला फटफटवत ती मागून चाले, आणि चपलांच्या आवाजाने पुढचे खेकडे आधीच बिळांत जात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाळू संपते त्या पट्टीवर रय्या अचानक थांबली.

"आता काय, अम्मती? चक्कर आली का?"

"चपला काढ. आणि हलू नको."

"कशाला?"

"बघ समोर."

बद्रियाने पाहिले. समोर ओला, करडा, रिकामा चिखल पसरला होता. "काही नाही तिथे."

"येतील. उभी राहा."

ऊन चढायला लागले होते, आणि घरी पीठ मळायचे बाकी होते. पण बद्रिया उभी राहिली. सासूला एकटे सोडायचे नाही, असे तिला बजावलेले होते.